पेलेटची शेगडी : ज्योत आणि राख

शेगडीपाशीं ज्यांचें आयुष्य गेलें त्या गृहिणींना एक गोष्ट कोणी शिकवावी लागली नाहीं. निखारे मंदावले कीं त्या लगेच कोळसे वाढवीत नसत. आधीं सळईनें जाळी ढवळून राख खालीं पाडावयाची, मग खालच्या दारासमोर पंख्यानें वारा घालावयाचा, आणि एवढ्यानें भागलें नाहीं तरच कोळशाच्या डब्याकडे हात न्यावयाचा, असा त्यांचा क्रम ठरलेला असे. न्हाणीघरांतील तांब्याच्या बंबालाही हाच न्याय लागू होता. जळण संपून विस्तव विझण्यापेक्षां वारा कोंडून तो अधिक वेळां विझतो, आणि वारा कोंडते ती बहुधा राखच, हें ज्ञान त्यांच्या हातांत होतें. तें शब्दांत मांडण्याची वेळ त्यांच्यावर सहसा आली नाहीं.

आतां शहरांतील घरांतून कोळशाची शेगडी जवळजवळ नाहींशी झाली आहे. परंतु त्याच घरांतील वडील मंडळी मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेच्या ईशान्य भागांत, मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशायर अशा बर्फाळ राज्यांत हिंवाळा काढावयास जातात, तेव्हां एखाद्या घरीं दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत एक निराळीच शेगडी त्यांच्या दृष्टीस पडते. काळें लोखंडी अंग, पुढें काचेचें दार, दारामागें नाचणारी ज्योत, बाजूला बटणें, आणि आंतून येणारी मंद घरघर. ही पेलेटची शेगडी. हिच्यावर स्वयंपाक होत नाहीं. घर ऊबदार ठेवणें एवढेंच हिचें काम. ज्योत मलूल झाली, काच काळवंडली, कीं घरांतील तरुण माणूस बटण दाबून जळण वाढवितो. ज्योत क्षणभर उंच होते, पण तांबडी आणि धुरकट. आणि दुसऱ्या दिवशीं शेगडी आपोआप बंद पडते. अशा वेळीं कोपऱ्यांत बसलेली आजी जेव्हां विचारते, “अरे, राख कधीं काढली होतीस?” तेव्हां यंत्राच्या माहितीपुस्तकाचें सार तिनें एका वाक्यांत सांगितलेलें असतें.

पेलेट म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबून केलेली कांडी. जाडी साधारण सहा मिलिमीटर, लांबी बोटाच्या पेराएवढी किंवा किंचित् अधिक. लाकूडगिरण्यांतील भुसा वाळवून पोलादी साच्याच्या भोकांतून प्रचंड दाबानें रेटला म्हणजे तो तापतो. लाकडांत मूळचेंच असलेलें लिग्निन नांवाचें द्रव्य त्या उष्णतेनें मऊ होतें आणि निवतांना भुशाचे कण एकमेकांस बांधून टाकतें. म्हणून बहुधा निराळ्या डिंकाची गरज पडत नाहीं. चांगली कांडी पाण्यांत टाकली तर बुडते, कारण ती मूळच्या लाकडाहूनही घट्ट झालेली असते. पण थोड्याच वेळांत ती फुगते आणि तिचा पुन्हां भुसा होतो. पोतीं ओल्या जमिनीवर ठेवूं नयेत तें एवढ्यासाठींच. उत्तम कांडींत ओलावा शेंकडा दहाच्या आंत असतो. ताज्या तोडलेल्या लाकडांत निम्मे वजन पाण्याचें असूं शकतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे पेलेट इतकें स्वच्छ कां जळतें याचा उलगडा होतो.

या जळणाला घरांत जागा मिळाली ती तेलाच्या टंचाईमुळें. १९७३ सालीं अरब राष्ट्रांनीं तेल रोखलें आणि अमेरिकेंत घर तापविण्याचा खर्च एकाएकीं वाढला. त्या देशाच्या वायव्य भागांत लाकूडगिरण्यांच्या आवारांत भुशाचे डोंगर पडलेले असत, आणि लोखंडी शंकूसारख्या उंच भट्ट्यांतून तो भुसा केवळ विल्हेवाट म्हणून जाळीत. तो दाबून त्याच्या कांड्या केल्या तर तेलाऐवजीं चालतील, ही कल्पना आधीं कारखान्यांच्या बॉयलरांसाठीं पुढें आली. घरगुती शेगडीचें श्रेय बहुतांशीं जेरी व्हिटफील्ड या विमानविद्येच्या अभियंत्याकडे जातें. १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत त्यानें वॉशिंग्टन राज्यांत ती सिद्ध केली. पुढें युरोपनें ती उचलली. इटलींत तर अशा शेगड्या आज लाखोंनीं आहेत.

तिची अंतर्रचना समजल्याशिवाय ज्योतीचें शास्त्र समजणार नाहीं. मागच्या बाजूस कांड्यांची कोठी असते. कोठीच्या तळाशीं एक मळसूत्री दांडा विजेच्या मोटारीनें फिरतो आणि दर कांहीं सेकंदांनीं थोड्याथोड्या कांड्या पुढें ढकलतो. त्या एका लहानशा लोखंडी कुंडांत पडतात. कुंड तें केवढें, तर ओंजळीएवढें. त्याच्या तळाला आणि बाजूंना भोकें असतात. शेगडींत पंखे दोन. एक धूर बाहेर खेंचतो. त्या ओढीमुळें आंत किंचित् निर्वात होतें आणि बाहेरची हवा कुंडाच्या भोकांतून वर येते. दुसरा पंखा खोलींतील हवा तापलेल्या नळ्यांभोंवतीं फिरवून परत खोलींत सोडतो. या दोन हवा एकमेकींत कधींही मिसळावयाच्या नसतात.

आतां यांतील खरी मेख पाहावी. जळण मोटार घालते आणि हवा भोकांतून येते. कुंडांत राख सांचली आहे कीं नाहीं हें मोटारीला कळत नाहीं. ती ठरलेल्या मापानें कांड्या टाकीतच राहते. हवा मात्र भोकें बुजतील तशी कमी होत जाते. एक किलो सुकें लाकूड पुरतें जळावयास सुमारे सहा किलो हवा लागते, आणि शेगडींत त्याहून बरीच जास्त हवा खेळती ठेवावी लागते. ती मिळाली नाहीं कीं कांडी अर्धवट जळते आणि तिचा कोळसा मागें उरतो. उरलेला कोळसा कुंडांत जागा अडवितो, त्यानें आणखी हवा अडते, आणि आणखी कोळसा उरतो. अशा स्थितींत जळण वाढविणें म्हणजे अजीर्ण झालेल्या माणसाला आग्रहानें वाढण्यासारखें आहे.

ज्योतीकडे पाहून ही अवस्था ओळखतां येते, आणि त्यासाठीं कोणतेंही उपकरण लागत नाहीं. हवा पुरेशी असली म्हणजे ज्योत झळझळीत पिवळी, बुडाशीं जवळजवळ पांढरी असते; ती चपळ असते आणि तिचीं टोकें स्वच्छ तुटतात. हवा कमी पडली कीं रंग नारिंगी होतो, ज्योत लांबट आणि आळशी बनते, ती मंद हेलकावे खाते, आणि टोंकाशीं काळसर धुराची शेपटी दिसूं लागते. काचेवर काजळी धरते ती याच अवस्थेंत. उलट हवा अति झाली तर ज्योत आंखूड होते, लोहाराच्या भात्यासमोरच्या जाळासारखा आवाज करते, आणि अर्धवट जळालेल्या कांड्या कुंडाबाहेर उडूं लागतात. यांत धूर दिसत नाहीं म्हणून कित्येक जण ही उत्तम ज्योत समजतात. पण हवेच्या त्या लोंढ्याबरोबर उष्णताही धुराड्यांतून निघून जाते आणि खोली मात्र थंडच राहते.

काचही साक्ष देते. तिच्यावर करडी किंवा बदामी रंगाची बारीक राख धरली असेल तर ज्वलन ठीक चाललें आहे असें समजावें. तीच जर काळी आणि चिकट असेल तर हवा कमी आहे. रात्रभर अगदीं मंद आंचेवर ठेवलेली शेगडी सकाळीं थोडी काळवंडलेली दिसते. तेवढ्यानें घाबरून जाण्याचें कारण नाहीं. दिवसांतून एकदां अर्धा तास मोठ्या आंचेवर चालविली तर त्यांतील पुष्कळ काजळी जळून जाते.

ज्योत बिघडलेली दिसली कीं करावयाचें काय? पहिलें काम बटणाकडे न जाण्याचें. शेगडी बंद करून पुरती निवूं द्यावी, कुंड बाहेर काढावें, उजेडासमोर धरावें आणि त्याच्या भोकांतून उजेड दिसतो कीं नाहीं तें पाहावें. दहांपैकीं निम्मीं भोकें बुजलेलीं असलीं तर दुसऱ्या कशाचाही शोध करण्याचें कारण नाहीं. पत्र्याच्या कांठानें कुंड खरवडावें आणि खिळ्यानें किंवा तारेनें एकेक भोंक मोकळें करावें. कुंड ज्या बैठकींत बसतें तेथली राखही झाडून घ्यावी. कुंड जरा जरी वर उचललेलें राहिलें तरी हवा भोकांतून न येतां कडेच्या फटींतून निसटते.

एवढें करूनही ज्योत मलूल राहिली तर दाराचा संशय घ्यावा. दाराच्या कडेला काचतंतूंच्या जाड दोरीची किनार बसविलेली असते. कालांतरानें ती दबून चपटी होते. धुराचा पंखा आंतली हवा खेंचीत असल्यामुळें या फटींतून धूर सहसा बाहेर येत नाहीं; खोलींतील हवाच आंत ओढली जाते, आणि म्हणून हा दोष डोळ्यांना दिसत नाहीं. परंतु ती हवा कुंडाखालून न जातां वरच्यावर धुराड्याकडे पळते, आणि विस्तवाच्या वांट्याला कमीच हवा येते. परीक्षा सोपी आहे. शेगडी थंड असतां दारांत एक कागदी नोट धरून दार लावावें आणि नोट ओढून पाहावी. ती अलगद निसटली तर त्या ठिकाणची दोरी बदलण्याजोगी झाली आहे.

कुंड स्वच्छ आहे आणि दार घट्ट आहे अशी खात्री पटल्यावर मगच झडपेला हात लावावा. जुन्या शेगड्यांत हवेची झडप दांड्यानें सरकवावयाची असते. नव्या शेगड्यांत पंख्याचा वेग बटणानें कमीजास्त करतात, आणि कांहींत तो यंत्र स्वतःच ठरवितें. बदल करावयाचा तो अगदीं थोडा, आणि मग पाव तास वाट पाहावयाची. कुंडांत जी कांडी या क्षणीं जळत आहे ती मघांच्या मापाप्रमाणें पडलेली असते, त्यामुळें झडप हलविल्याचा खरा परिणाम लगेच दिसत नाहीं. अधीरपणानें झडप आणि जळण हीं दोन्हीं एकदम फिरविणाऱ्याला कशानें काय झालें हें शेवटपर्यंत कळत नाहीं. मोठ्या आंचेवर ज्योत नीट बसवावी आणि मग मंद आंचेवर ती टिकते का तें पाहावें; उलट क्रमानें केलें तर मंद आंचेला सोयीची असलेली हवा मोठ्या आंचेला अपुरी पडते.

राख किती होते याचा हिशेब एकदां करून ठेवणें हिताचें आहे. युरोपांतील पहिल्या प्रतीच्या पेलेटमध्यें राखेचें प्रमाण शेंकडा ०.७ च्या वर जाऊं देत नाहींत. अमेरिकेंतील उत्तम प्रतीला शेंकडा १ ही मर्यादा आहे. अमेरिकेंत पोतें चाळीस पौंडांचें, म्हणजे सुमारे १८ किलोंचें मिळतें. राख शेंकडा अर्धा असेल तर एका पोत्यामागें नव्वद ग्रॅम, म्हणजे वाटीभर राख निघते. शेंकडा दोन असलेलें स्वस्त जळण घेतलें तर तीच चौपट होते, आणि कुंड खरवडण्याची पाळीही तितकीच लवकर येते. हिंवाळ्याला दोनतीन टन जळण लागणाऱ्या घरांत पोत्यामागें वाचविलेले पैसे अशा रीतीनें श्रमांत फेडावे लागतात.

राखेच्या वजनापेक्षांही तिचा स्वभाव महत्त्वाचा. लाकडाच्या राखेंत चुना असतो, पालाश असतें, आणि सालीबरोबर आलेली माती-वाळू असेल तर सिलिकाही असते. पालाश आणि सिलिका एकत्र तापलीं म्हणजे कमी उष्णतेंतच वितळतात, आणि निवल्यावर त्यांचा कांचेसारखा कठीण खडा बनतो. वीटभट्टींत अति भाजलेल्या विटांचे जसे खंगर होतात तसाच हा प्रकार. मऊ राख वाऱ्याबरोबर उडून राखेच्या पेटींत जाते. खंगर मात्र कुंडाच्या तळाशीं भाकरीसारखा थापला जातो आणि सगळीं भोकें एकदम बुजवितो. रोज खंगर निघूं लागला तर दोष शेगडीचा नसून पोत्याचा आहे असें खुशाल समजावें, आणि दुसऱ्या प्रतीचें जळण आणून पाहावें.

गवत, पेंढा, भुईमुगाचीं टरफलें यांच्या कांड्यांत हा उपद्रव अधिक. पेलेटचा हा अनुभव महाराष्ट्रालाही अगदीं परका नाहीं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील संशोधनावर आधारलेली ‘ऊर्जा’ नांवाची स्वयंपाकाची शेगडी २००६ पासून महाराष्ट्र, कर्नाटक आणि तामिळनाडूंतील घरोघरीं विकली गेली. तिच्यांत शेतांतील टाकाऊ मालाच्या कांड्या भरीत आणि लहानसा पंखा खालून हवा देत असे. पंख्याचा वेग बदलला कीं ज्योत बदले. चार लाखांच्या आसपास शेगड्या खपल्या. पुढें कांड्यांचा भाव चढत गेला आणि बहुतेक घरांनीं ती बाजूला ठेवली. शेगडी कितीही चांगली असली तरी तिचें जळण एकाच दुकानांतून घ्यावें लागत असेल तर गृहिणीचा तिच्यावर पुरता विश्वास बसत नाहीं, आणि त्यांत गृहिणीचें कांहीं चुकतें असें म्हणतां यावयाचें नाहीं.

घर तापविणाऱ्या शेगडीकडे परत वळावें. कुंड एकदोन दिवसांआड, राखेची पेटी आठवड्यानें, आणि नळ्यांवरची राख तिच्या दांड्यानें रोज झाडावी, असा साधारण परिपाठ असतो. नळ्यांवर राखेचा थर बसला म्हणजे तो गोधडीसारखा उष्णता अडवितो. ज्योत उत्तम दिसते, जळणही भरपूर खपतें, पण खोलींत येणारा वारा कोमट लागतो. या तक्रारीचें मूळ बहुधा तेथेंच सांपडतें. आंतील पडद्यांमागें आणि धुराच्या पंख्याच्या पात्यांवर बसलेली बारीक राख वर्षांतून निदान एकदां काढलीच पाहिजे, आणि धुराची नळी तिच्या शेवटच्या टोकापर्यंत ब्रशानें साफ केली पाहिजे.

येथपर्यंतची चूक झाली तर थंडी सोसावी लागते. पुढच्या चुकीला मात्र क्षमा नाहीं. थंड दिसणाऱ्या राखेच्या पोटांत निखारा तीनतीन, चारचार दिवस जिवंत राहतो. राखच त्याला पांघरूण घालून जपते. विस्तव राखेंत पुरून सकाळीं त्याच निखाऱ्यावर चूल पेटविणाऱ्या घरांतील लोकांना हें नव्यानें सांगावयास नको. परंतु नव्या घरांतून राख कागदी पिशवींत भरून लाकडी ओसरीवर ठेवली जाते, आणि रात्रीं वारा सुटला कीं घराला आग लागते. राख नेहमीं घट्ट झांकणाच्या पत्र्याच्या डब्यांत भरावी, आणि तो डबा घराबाहेर, भिंतीपासून दूर, दगडावर किंवा उघड्या जमिनीवर ठेवावा. घरांतील नेहमींच्या विजेच्या झाडूनें राख ओढूं नये. त्याच्या पिशवींत निखारा गेला तर वाऱ्याच्या झोतानें तो फुलतो; शिवाय ही राख इतकी बारीक असते कीं पिशवींतून आरपार निघून ती खोलीभर पसरते. राखेसाठीं धातूच्या पोटाचा निराळा झाडू मिळतो, आणि तोही निवलेल्या राखेसाठींच वापरावयाचा असतो.

दुसरें भय कार्बन मोनॉक्साइडचें. अपुऱ्या हवेंत जळणाऱ्या प्रत्येक विस्तवांतून हा वायु निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. कोळशाची शेगडी बंद खोलींत ठेवून निजलेलीं माणसें सकाळीं उठलीं नाहींत, अशा वार्ता आपल्याकडील वर्तमानपत्रांतून दर हिंवाळ्यांत येतात. त्यांस कारण हाच वायु. पेलेटच्या शेगडींत तो पंख्यानें बाहेर टाकला जातो, पण धुराची नळी राखेनें तुंबली असेल, किंवा वीज जाऊन पंखाच थांबला असेल, तर तो घरांत येऊं शकतो. वीज गेल्यावर दार उघडून आंत पाहण्याचा मोह आवरावा. कुंडांतील थोडेसें जळण बंद दारामागें विझूं द्यावें. निजण्याच्या खोल्यांजवळ या वायूची सूचना देणारें यंत्र बसविणें हा चैनीचा खर्च नव्हे. मोठ्या बंद कोठारांत सांठविलेल्या कांड्याही न पेटतांच हळूहळू हा वायु सोडतात, आणि युरोपांत अशा कोठारांत उतरलेलीं माणसें दगावलीं आहेत. दोनचार पोत्यांच्या बाबतींत ही भीति नाहीं. खोलीभर जळण सांठविणाऱ्यानें मात्र दार उघडून वारा खेळूं दिल्याखेरीज आंत पाऊल टाकूं नये.

हिंवाळा सरला कीं बहुतेक घरांत शेगडीचा विसर पडतो, आणि तिचें अधिकांत अधिक नुकसान याच काळांत होतें. लाकडाची राख क्षारयुक्त असते. ती उन्हाळ्याच्या दमट हवेंतील ओल शोषून घेते आणि ओली झालेली राख लोखंडाला खाऊं लागते. कुंडाची कड, पंख्याचीं पातीं आणि नळीचे सांधे यांना गंज चढतो. म्हणून शेवटचा विस्तव विझल्यावर त्याच आठवड्यांत शेगडी आंतून पुरती झाडून पुसून ठेवावी, आणि कोठींत उरलेल्या कांड्या काढून घ्याव्या. नाहींतर त्या ओल धरून फुगतात आणि मळसूत्री दांड्याभोंवतीं असा घट्ट गठ्ठा करून बसतात कीं पहिल्या थंडीच्या रात्रीं मोटार नुसती गुरगुरते. निवलेली स्वच्छ राख बागेंत पसरावयास चांगली, कारण तिच्यांत पालाश असतें. मात्र आंबट मातीच्या वाफ्यांतच ती घालावी, आणि एका जागीं ढीग करूं नये.